वाचकांचे प्रश्न : वणवा, चारा आणि विहिरीचं पाणी

ताई, आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. २०१८ च्या दुष्काळात डोंगर उघडाबोडका होता, पण वणवा काही लागला नाही. आता पाऊस बरा झाला, गवत कमरेएवढं वाढलं आणि मार्चमध्ये सगळा डोंगर जळाला. जुनी माणसं म्हणतात, जळलेलं बरं, पावसात गवत जोमानं येतं. यात खरं किती? आणि विहिरीच्या पाण्याशी त्याचा काही संबंध असतो का?

संबंध आहे, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पण आधी गवताचं बोलू.

जुन्या माणसांनी पाहिलं ते खोटं नाही. वाळलेली ताटं जळून गेली की नवा कोंब उघड्यावर येतो, डोंगर लवकर हिरवा दिसतो. मात्र काय उगवलंय ते जवळ जाऊन बघा. वरचेवर जळणाऱ्या डोंगरावर कुसळी गवत माजतं, कारण त्याची टोकदार कुसळं आगीच्या आधीच मातीत रुतून बसलेली असतात. पवना, मारवेल ही जनावरं आवडीनं खातात ती गवतं मागे पडतात. कुसळ मेंढराच्या लोकरीत आणि तोंडात रुतलं की काय हाल होतात, हे माणदेशातल्या मेंढपाळाला मी काय सांगणार?

दुष्काळात वणवा का लागला नाही? जळायला काही उरलंच नव्हतं म्हणून. तुमच्याकडे वर्षाला पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आसपास. तोही चुकला की गवत वीतभर राहतं आणि तेवढं मेंढरं खाऊन टाकतात. त्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजार मिलीमीटरच्या वर पडतो. तिकडे जावळी-पाटणच्या रानात जळण दरवर्षी असतंच. पाऊस लवकर गेला की पानगळ लवकर होते, पाचोळा कडकडीत वाळतो, म्हणून तिथे अवर्षणाचं वर्ष जास्त धोक्याचं. तुमच्या गवताळ डोंगराला खरी भीती चांगल्या पावसानंतरच्या उन्हाळ्याची. नेमके तेव्हाच आपण निर्धास्त असतो.

आता पाणी. एक हेक्टर उतारावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. पाचशे मिलीमीटरचे झाले पन्नास लाख लिटर. त्यातलं विहिरीला किती मिळणार, हे उतारावर पाणी किती वेळ थांबतं यावर ठरतं. आपल्याकडे खाली काळा कातळ. पाणी मावतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, आणि तिथवर पोचायला त्याला सावकाश मुरावं लागतं. गवताचा बुंधा आणि पालापाचोळा त्याला थोपवून धरतात.

पाणलोटाच्या कामावर असताना पहिल्या वळवानंतर मी एका जळलेल्या डोंगरावर गेले होते. पाऊस जोरदार झाला होता. उतारावर मातीचा पातळ, गुळगुळीत पापुद्रा धरला होता. नखानं तो उचलला तर बोटभर खाली माती कोरडी ठणठणीत. उघड्या मातीवर थेंब आपटले की बारीक कण सुटतात, मातीची छिद्रं बुजवतात आणि पाणी वरच्यावर वाहून जातं. ते कुठे गेलं होतं तेही दिसलं: खालचे सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवून मुरवायला उताराला आडवे खोदलेले चर, राख मिसळलेल्या काळ्या गाळानं अर्धे भरले होते. गावानं श्रमदानानं खोदलेले ते चर. मला तिथे रडू आलं.

म्हणजे वणवा लागतो चांगल्या वर्षी आणि त्याची झळ बसते पुढच्या कमी पावसाच्या वर्षी. चर, पाझर तलाव गाळानं भरलेले, मुरलेलं पाणी कमी. मग फेब्रुवारीतच टँकरची मागणी. चाऱ्याचंही तेच. २०१९ च्या उन्हाळ्यात म्हसवडला चारा छावणीत जनावरं नेऊन बांधावी लागली, हे तुम्ही पाहिलंय. जो डोंगर जळाला त्यावर तुमच्या गुरांचा कितीतरी दिवसांचा चारा उभा होता.

तेव्हा दिवाळीनंतर, गवत पुरतं वाळायच्या आत, कापणी लावा. कापून गंजी घाला. रस्त्याच्या आणि बांधाच्या कडेनं दहा-बारा फुटांचा पट्टा साफ करून जाळरेषा काढा. वनखात्याची हद्द असेल तिथे गाव आणि वनखातं यांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीमार्फत वनरक्षकाला सोबत घ्या, परस्पर काडी लावू नका. राखीव वनात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. आणि बांध पेटवणाऱ्या शेजाऱ्याला वेळीच अडवा. गावात वाईटपणा येतो, ठाऊक आहे. तरी अडवा.

विहीर आटली. पाचशे फूट बोअर घ्यावं का?

नको. आपल्या कातळात जितकं खोल जावं तितक्या भेगा कमी होत जातात. पाणी लागलंच तर बहुधा जुनं साठलेलं, आणि ते उपसलं की भरून यायला फार काळ लागतो. शिवाय २००९ च्या भूजल कायद्यानुसार शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल जाता येत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी आहे किती आणि लागणार किती, तो मांडून पिकं ठरवली. गावसभेत एकदा तो हिशेब मांडून बघा. बोअरच्या कर्जापेक्षा नक्कीच स्वस्त.

आम्ही पुण्याहून डोंगरात फिरायला जातो. वणवा दिसला तर काय करावं?

आधी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि जवळच्या गावात कळवा. आगीच्या वरच्या अंगाला कधीही थांबू नका. ज्वाळा चढावर धावतात आणि वाळल्या गवतात माणसाला गाठतात. गावकरी हिरव्या डहाळ्यांनी कडेकडेनं झोडपत आग विझवतात. ते सांगतील तिथेच उभे राहा, पाणी पुरवा. सुती कपडे आणि पायात बूट हवेतच, नायलॉन अंगाला चिकटतं. आणि तंबूजवळ शेकोटी फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत पेटवूच नका.