मोर्चे काढून पोट भरतं का?

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी त्यातलं थोडक्यात सांगतो. इचलकरंजीत तुमचे यंत्रमाग आहेत. मुलगी कोल्हापुरात पाच वर्षांच्या वकिलीच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या आईची इच्छा, तिनं न्यायाधीशाची परीक्षा द्यावी. मुलीचं म्हणणं, ग्राहकांच्या बाजूनं सरकारकडे पाठपुरावा करणाऱ्या एखाद्या संस्थेत काम करायचं. आणि तुमचा प्रश्न: ‘मोर्चे काढून पोट भरतं का? उद्या पोलिसांत नाव गेलं तर लग्न कसं जमायचं?’

लग्नाचं मी काही सांगू शकत नाही, तो माझा विषय नव्हे. पोटाचं सांगतो. पण त्याआधी हे काम नेमकं काय असतं ते बघू, आणि त्यासाठी तुम्हाला गाव सोडून लांब जायला नको. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना आणि तिचे प्रताप होगाडे ही नावं तुम्ही माझ्याआधीपासून ऐकत असाल. रस्त्यावरचं आंदोलन सगळ्यांना दिसतं. या कामाचा मोठा हिस्सा मात्र कागदावर चालतो, आणि तो कोणी बघायला जात नाही.

महावितरणला दर वाढवायचा असेल तर राज्य वीज नियामक आयोगापुढे याचिका करावी लागते. २००३च्या वीज कायद्याप्रमाणे ती लोकांसमोर ठेवावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. पेपरात बारीक टाइपातली जी जाहीर सूचना आपण उलटून टाकतो ना, तीच ही. तुम्ही, मी, कोणीही लेखी हरकत देऊ शकतो. शिवाय कायद्याच्या कलम ९४नुसार आयोग ग्राहकांच्या वतीनं बोलायला प्रतिनिधी नेमू शकतो. वीज धोरणाचा अभ्यास करणारी पुण्याची ‘प्रयास’, मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्थांनी हे काम केलेलं आहे.

आयोगाचा एखादा दरआदेश मुलीला उघडून दाखवायला सांगा. आधी हरकत, तिच्याखाली महावितरणचं उत्तर, त्याखाली आयोगाचा निर्णय, अशी मांडणी असते. ‘सर्वसामान्यांचं कंबरडं मोडलं’ एवढंच लिहिणाऱ्याची बोळवण एका ओळीत होते. आकडा धरून बोलणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. उदाहरणार्थ शेतीपंप. बऱ्याच पंपांना मीटर नव्हते, बिल अश्वशक्तीवर. म्हणजे शेतीला वीज किती गेली हा अंदाज. तो अंदाज फुगवला की गळती आणि चोरी आपोआप कमी दिसते, आणि ते पैसे शेवटी प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्याच्या दरात येऊन बसतात. हा मुद्दा ग्राहक संघटनांनी वर्षानुवर्षं लावून धरला. तो घोषणेत मावत नाही. त्यासाठी याचिकेचे तक्ते घेऊन बसावं लागतं, मागच्या वर्षीच्या तक्त्यांशी ताडून बघावे लागतात. तुमच्या मुलीला हे काम जमेल का, आवडेल का, हा खरा प्रश्न आहे. भाषण चांगलं करते, हे मला पुरेसं वाटत नाही.

आणि धीर. ‘प्रयास’नं नव्वदच्या दशकात एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या करारातली आकडेमोड करून ही वीज राज्याला झेपणार नाही असं मांडलं होतं. करार तेवढ्यानं थांबला नाही. २००१ मध्ये वीज मंडळालाच ती परवडेना, तेव्हा खरेदी बंद झाली. उलट बाजूला निवडणूक सुधारणांसाठी झटणारी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था बघा. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये ती सुरू केली. आज निवडणुकीला उभ्या राहणाऱ्याला आपले गुन्हे, मालमत्ता, शिक्षण शपथपत्रावर जाहीर करावं लागतं, त्यामागे त्यांची याचिका आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००२चा निकाल आहे. राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्याच्या निवडणूक रोख्यांविरुद्ध ते २०१७ मध्ये न्यायालयात गेले, निकाल १५ फेब्रुवारी २०२४ला लागला. मधल्या वर्षांत घरी विचारत असतील, ‘झालं का काही?’, तर उत्तर काय द्यायचं?

या संस्था म्हणजे धुतल्या तांदळासारख्या, असंही मी म्हणणार नाही. त्यांना कोणी निवडून दिलेलं नसतं. त्या कोणाच्या वतीनं बोलतात हे विचारायलाच हवं. तुमच्याच धंद्यात बघा: यंत्रमागाला वीजदरात सवलत मिळते, तो बोजा सरकारी तिजोरीवर जातो. शेतीच्या सवलतीचा भार काही प्रमाणात कारखान्यांच्या दरावर पडतो. ‘ग्राहक’ एकच नसतो. मुलीला जिथं जायचं आहे त्या संस्थेचे सभासद कोण, पैसा कुठून येतो, ताळेबंद जाहीर होतो का, हे तिनं मुलाखतीतच विचारावं. तुटक उत्तर मिळालं तर तिथून उठावं.

आता पैसा. सुरुवातीचा पगार चांगल्या वकिली फर्मपेक्षा कमीच असतो, बऱ्याचदा प्रकल्प संपला की करारही संपतो. कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा (सीएसआर) निधी शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या यांकडे सहज जातो. सरकारी धोरणावर बोट ठेवणाऱ्याकडे कमी. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२०ला दुरुस्ती झाली आणि त्या पैशातून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. त्याची झळ पगारांना बसते. तेव्हा घरावर कर्ज असेल आणि तिच्या पगाराची गरज असेल, तर मला स्पष्ट कळवा; माझा सल्ला बदलेल.

तिच्या आईच्या इच्छेबद्दल एक महत्त्वाची गोष्ट, जी तुमच्या पत्रात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५च्या निकालानं कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे पदवी हातात पडल्यावर लगेच परीक्षा, हा मार्ग बंद झाला. (अर्ज भरताना त्या वेळची जाहिरात मात्र नीट वाचा.) दुसरीकडे बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, सनद म्हणजे वकिलीचा परवाना स्थगित ठेवावा लागतो. तेव्हा ती संस्थेत पूर्णवेळ रुजू झाली तर ती वर्षं परीक्षेसाठी धरली जाणार नाहीत. हे घरात कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

म्हणून माझं मत असं: तिनं सनद घ्यावी आणि ग्राहक आयोगापुढे किंवा वीज नियामक आयोगापुढे उभ्या राहणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे काम करावं. संस्थेचं काम प्रकरणागणिक, वकील म्हणून घ्यावं. नोकरी म्हणून नको. पहिली दोन-तीन वर्षं हात आखडता राहील, पण आईची वाट शाबूत राहते आणि तिला तिच्या वाटेची चव कळते. पुढे धोरणाचंच काम करायचं ठरलं, तर सुनावणीत उभा राहिलेला वकील या संस्थांना हवाच असतो. तोवर तिचं वय पंचविशीच्या आत असेल, तर संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या दिल्लीच्या पीआरएस संस्थेची ‘लॅम्प’ ही खासदारांसोबतची जवळपास वर्षभराची फेलोशिपही बघावी. मात्र त्या वर्षीही सनदेचा प्रश्न येईल, हे धरून चाला.

आणि पोलिसांचं. कायद्याचा अभ्यास केलेली मुलगी आहे; कुठल्या कागदावर सही करायची आणि कुठल्या गर्दीत थांबायचं नाही, हे ती तुमच्या-माझ्याहून चांगलं ओळखेल.

तुमच्या मागांची गेल्या वर्षभराची बिलं काढून तिच्यासमोर ठेवा. पुढची दरवाढीची सूचना पेपरात आली की त्यावरून एक हरकत लिहायला सांगा, मराठीत, दोन पानांत. ती आयोगाकडे जाण्याआधी तुम्ही वाचा आणि चुकलेला आकडा दाखवा. सुनावणीला दोघंही जा, आणि नंतर मला लिहा.