कर्जाचा आकडा दोन्हीकडे सारखाच का दिसतो?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, घरातले सगळे अमेरिकेचे नागरिक आहोत. मुलीला कम्युनिकेशनची पदवी घ्यायची आहे. राज्यातलं विद्यापीठ ग्रँट (परत न करायची मदत) वजा जाता वर्षाला २४ हजार डॉलरला पडतं, तर एक खासगी कॉलेज स्कॉलरशिप धरूनही ४१ हजारांना. आम्ही वर्षाला १४ हजार घालू शकतो. कॉलेज स्कोअरकार्ड या सरकारी वेबसाइटवर या विषयाच्या पदवीधरांचं कर्ज एकीकडे २२ हजार, दुसरीकडे साडेचोवीस हजार दिसतं. कमाई ३८ आणि ४२ हजार. म्हणजे कर्ज अडीच हजारांनी जास्त आणि पगार दरवर्षी चार हजारांनी जास्त. मग खासगीच बरं ना?

उत्तर : नाही. तुमची वजाबाकी बरोबर आहे, पण ज्या आकड्यांची केली ते तुमच्या घरच्या कर्जाचे नाहीत.

स्कोअरकार्डवर ठळक दिसणारं कर्ज म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच्या नावावर घेतलेलं फेडरल म्हणजे केंद्र सरकारचं कर्ज, तेही फक्त कर्ज घेणाऱ्यांचा मध्यक, म्हणजे रांगेतला मधला आकडा. पालक स्वतःच्या नावावर घेतात ते 'पॅरेंट प्लस' हे फेडरल कर्ज आणि बँकेचं खासगी कर्ज त्यात नसतं. शिवाय विद्यार्थ्याच्या कर्जाला मर्यादा असते : पालकांवर अवलंबून असलेल्या मुलांना पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे ७,५००. चार वर्षांचे २७ हजार झाले. कॉलेज कितीही महाग असो, हा आकडा त्यापलीकडे फारसा जाऊच शकत नाही. म्हणूनच स्वस्त आणि महाग कॉलेजं या रकान्यात शेजारी-शेजारी बसलेली दिसतात. फरक असतो तो पालकांच्या सहीवर.

आता तुमचा हिशेब मांडू. राज्यातल्या विद्यापीठात वर्षाला १० हजार कमी पडतात, चार वर्षांत ४०. त्यातले २७ मुलगी उचलेल, तुमच्यावर १३ हजार येतील. खासगी कॉलेजात वर्षाला २७ हजारांचा खड्डा आहे, चार वर्षांत १ लाख ८ हजार. मुलीचे २७ वजा केले तरी ८१ हजार तुमच्या डोक्यावर. थोडक्यात, फरक अडीच हजारांचा नसून ६८ हजारांचा आहे. आणि फी दरवर्षी वाढते ती यात धरलेलीच नाही.

१ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी पॅरेंट प्लसवर वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार अशी मर्यादा आहे. खासगी कॉलेज निवडलं तर तुम्हाला पहिल्या वर्षी मुलीचे ५,५०० वजा जाता २१,५०० लागतील, मिळतील २० हजार. दुसऱ्या वर्षी पाचशे कमी पडतील. तिसरं वर्ष निघेल. चौथ्या वर्षी मात्र ६५ हजारांतले जेमतेम ५,५०० शिल्लक असतील आणि गरज असेल १९,५०० ची. पदवी एका वर्षावर आलेली असताना १४ हजारांचं खासगी कर्ज, तेही बहुधा तुम्हीच जामीन राहून. त्या क्षणी कॉलेज बदलायचं म्हटलं तर सगळे क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक) सोबत जातीलच असं नाही.

हप्ता पाहा. पॅरेंट प्लसचा २०२५-२६ चा व्याजदर ८.९४ टक्के धरू. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर ६५ हजारांना महिना साधारण ८२० डॉलर, १३ हजारांना १६५. कर्ज देतानाच ४.२२८ टक्के शुल्क कापून घेतात, ते वेगळं. उरलेले १६ हजार खासगी कर्जाचे न धरताही वर्षाला जवळपास आठ हजारांचा जादा बोजा, आणि समोर आहेत करापूर्वीचे चार हजार. मुदत वाढवली की हप्ता हलका वाटतो, व्याज मात्र फुगतं.

त्या चार हजारांवरही फार विसंबू नका. कमाईच्या आकड्यात फक्त फेडरल मदत घेतलेले, नोकरी करणारे आणि पुढे न शिकणारे पदवीधर मोजतात. शिवाय स्कोअरकार्डवर कम्युनिकेशन व मीडिया स्टडीज, पत्रकारिता आणि जनसंपर्क-जाहिरात या वेगवेगळ्या ओळी आहेत. एका कॉलेजची एक ओळ आणि दुसऱ्याची दुसरी, अशी तुलना सर्रास होते. पदवीनंतर किती वर्षांनी मोजलंय हेही दोन्हीकडे एकच हवं. आणि संपूर्ण कॉलेजची, प्रवेशानंतर दहा वर्षांची कमाई चुकूनही वापरू नका. त्यात इंजिनिअरिंगपासून नर्सिंगपर्यंत सगळे असतात, पदवी अर्धवट सोडलेलेही.

खासगी कॉलेजला अजून एक संधी द्यायची असेल तर राज्यातल्या विद्यापीठाचं अवॉर्ड लेटर (किती मदत मिळेल हे सांगणारं पत्र) दाखवून ग्रँट वाढवून मागा. कधीकधी वाढते. स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो तेही लेखी घ्या. पत्रात कर्जालाही 'अवॉर्ड' म्हणून बेरजेत धरलेलं असतं, ते खोडूनच पुढे जा.

प्रश्न : मुलाला हव्या असलेल्या छोट्या कॉलेजच्या पत्रकारितेसमोर स्कोअरकार्डवर कमाईचा आकडाच नाही. कॉलेज म्हणतं, ९० टक्क्यांहून जास्त मुलं 'प्लेस' होतात, म्हणजे कामाला लागतात.

उत्तर : विद्यार्थी थोडे असले की कुणाची ओळख उघड होऊ नये म्हणून आकडा झाकतात. त्यात संशयास्पद काही नाही. कॉलेजचा दावा मात्र फोडून विचारा : पदवी मिळालेले किती, त्यातल्या कितींची माहिती मिळाली, पूर्णवेळ नोकरी कितींना, ती या क्षेत्रातली का, आणि पुढच्या शिक्षणाला गेलेले 'प्लेस' धरलेत का. चाळीसपैकी वीस जणांनीच फॉर्म भरला आणि त्यातले एकोणीस 'प्लेस' असले, तर ९५ टक्के छापता येतात. शेवटच्या दोन वर्षांत कितींना पगारी इंटर्नशिप मिळाली आणि कुठे, हेही विचारा. चांगल्या विभागाला हे तोंडपाठ असतं.