सोसायटीचा गणपती कंत्राटाला द्यावा का?

प्रश्न : डिलाइल रोडवरची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. चाळीचे मंडळ कसेबसे टिकले आहे. परंतु यंदा मांडवापासून महाप्रसादापर्यंत सारे काम कंत्राटदाराकडे सोपवून वर्गणी देखभालीच्या बिलातच लावावी, असे कमिटीने ठरवले आहे. मी देवभोळा नाही, तरीही मला हे खटकते. मुलगा विचारतो, “बाबा, तुम्ही देव मानत नाही, मग गणपती कशाला हवा?” समाजशास्त्राकडे याचे उत्तर आहे काय?
— एक वाचक, लोअर परळ

उत्तर : चिरंजीवांचा प्रश्न रास्त आहे, मात्र धर्म म्हणजे केवळ श्रद्धा, असे त्यांनी गृहीत धरले आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1912 साली धर्माची जी व्याख्या मांडली, तिच्यात देवाचा उल्लेखच नाही. काही गोष्टी पवित्र मानणे, त्यांच्याभोवती ठरावीक आचार पाळणे आणि त्यातून माणसे एका नैतिक समूहात बांधली जाणे, एवढे त्यांना पुरेसे वाटले. देवाशिवायच्या धर्माचे उदाहरण म्हणून त्यांनी बौद्ध धर्माकडेच बोट दाखवले होते. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या जनसागराकडे पाहिले, की त्यांचे म्हणणे आपल्याला सहज पटते.

आपल्या गिरणगावाने हे पुस्तकाविना ओळखले होते. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार बायकोमुलांना गावी ठेवून एका खोलीत दहाजणांबरोबर पाळीपाळीने झोपत असे. त्याला ग्रामस्थ मंडळ आणि भजनी मंडळ यांचाच आधार होता. ग्रामदेवतेच्या जत्रेसाठी जमणारी हीच माणसे नव्याने आलेल्याला पथारीपुरती जागा बघून देत, आजाऱ्याला गावी पोचवत आणि मयताला खांदा देत. यातली भक्ती कुठे संपली आणि व्यवहार कुठे सुरू झाला, हे त्यांनाही सांगता आले नसते. तशी गरजही नव्हती.

तुम्हाला खटकते ते नेमके इथेच असावे. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोराला चौथ्या मजल्यावरच्या काकांची नोकरी गेल्याचे कळते, कुणाची आई अंथरुणाला खिळली आहे हे दिसते, आणि “यंदा जमेल तेवढेच द्या” असे म्हणायलाही तो शिकतो. बिलातून कापलेल्या रकमेला यातले काहीच कळत नाही. शिवाय ती सक्तीची होते. ज्यांचा धर्म वेगळा आहे किंवा ज्यांना धर्मच नको आहे, त्यांच्याकडूनही ती परस्पर वसूल होते, आणि हे मला कंत्राटापेक्षाही अधिक आक्षेपार्ह वाटते.

मात्र जुन्या दिवसांची आठवण काढताना एक गोष्ट नजरेआड करू नये. जो उत्सव आतल्यांना बांधतो, तोच बाहेरच्यांसाठी दार लावूनही घेऊ शकतो. केशवजी नाईक चाळीत 1893 साली सुरू झालेल्या गणेशोत्सवाचे कौतुक आपण करतो. पण 1926 साली दादरच्या ‘सार्वजनिक’ गणेशोत्सवात अस्पृश्यांना पूजेचा हक्क मिळावा म्हणून प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना झगडावे लागले होते. त्यामुळे तुमच्या टॉवरमध्येही पुनर्वसनाच्या इमारतीतले जुने रहिवासी आणि विक्रीच्या फ्लॅटमधले नवे रहिवासी आरतीला एकत्र उभे राहतात का, की दोन लिफ्टप्रमाणे गणपतीही दोन झाले आहेत, हे आधी पाहा.

कमिटीपुढे माझ्या मते एवढेच मांडावे: मांडव आणि विजेचे काम खुशाल कंत्राटाने द्या, कारण ते जोखमीचे आहे आणि तरुणांना कामावरून सुट्ट्या मिळत नाहीत. वर्गणी मात्र ऐच्छिक ठेवा आणि ती घरोघरी जाऊनच गोळा करा. महाप्रसादाचे वाढप रहिवाशांनी करावे आणि जमाखर्चाचा फलक तळमजल्यावर लावावा. चिरंजीवांना आरतीचा आग्रह करू नका. पावतीपुस्तक घेऊन फिरायला ते तयार असतील, तर एक विंग त्यांच्याकडे द्या.