आदर कमवावा लागतो, असे मुलांना शिकवू नका

न्यू जर्सीतील एका आईने विचारले आहे: ‘माझ्या सातवीतल्या मुलाला शाळेतली दोन मुले नाक धरून “तुला वास येतो” असे चिडवतात. त्याच्या बाबांनी त्याला समजावले, की तू अभ्यासात पुढे राहा, मग कोणाची हिंमत होणार नाही; आपण काही फुकट खाणारे लोक नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत, आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या ग्वाटेमालाच्या बाईंविषयी तो “ही माणसे घाणेरडीच असतात” असे म्हणाला. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत आणि त्यांनी त्या बाईंसाठी वेगळा कप काढून ठेवला आहे. मी सुरुवात कोठून करू?’

सुरुवात बाबांच्या उत्तरापासून करावी, असे मी म्हणेन. ते प्रेमापोटी दिलेले उत्तर आहे आणि परदेशात आलेल्या आपल्या बहुतेक घरांत ते दिले जाते. पण त्यातून मुलगा असे शिकतो, की सन्मान हा गुणांच्या, पदवीच्या आणि पगाराच्या बदल्यात मिळतो. मग ज्यांच्याकडे यांपैकी काही नाही, त्यांना कमी लेखण्याचा परवानाही त्याला त्याच उत्तरातून मिळतो. शाळेत त्याच्यावर जे बेतले, तेच त्याने घरी दुसऱ्या व्यक्तीवर ढकलले. वेगळा कप त्याच्या डोळ्यांसमोर होताच.

शिवाय ते उत्तर उपयोगाचेही नाही, हे इतिहासाने फार कठोरपणे दाखवले आहे. भगतसिंग थिंड हे भारतातून अमेरिकेत आलेले, बर्कलीच्या विद्यापीठात शिकलेले, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात सेवा केलेले गृहस्थ होते. त्या वेळच्या कायद्यानुसार बाहेरून आलेल्यांपैकी फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना नागरिकत्व मिळू शकत असे. आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, म्हणून आपली गणना गोऱ्यांत व्हावी, असे त्यांच्या बाजूने मांडले गेले. इतकेच नव्हे, तर अमेरिकन माणूस काळ्यांकडे विवाहसंबंधांच्या बाबतीत ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू भारतातील आदिवासींकडे पाहतो, असाही दाखला न्यायालयापुढे ठेवण्यात आला. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध एकमताने निकाल दिला आणि त्यानंतर कितीतरी भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. दुसऱ्याला खाली ढकलून स्वतःसाठी वरची पायरी मागण्याचा तो प्रयत्न होता, आणि तो अपयशी ठरला म्हणून नव्हे, तर मुळातच चुकीचा होता म्हणून मला तो क्लेशदायक वाटतो. आज अमेरिकेत स्थिरावलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांची वाट १९६५ च्या स्थलांतर कायद्याने खुली झाली. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, त्याच वातावरणात झाला, आणि त्या चळवळीत मार खाल्ला, तुरुंग भोगला तो प्रामुख्याने काळ्या लोकांनी. आपल्या मेजवान्यांत त्यांच्याविषयी जे सर्रास बोलले जाते, ते ऐकताना याची आठवण ठेवावी.

याउलट महाडचे उदाहरण मुलाला अवश्य सांगा. चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पिऊ शकत होती, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना ते पाणी वर्ज्य होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक ते पाणी प्यायले, तेव्हा सवर्णांनी शेण आणि गोमूत्र टाकून तळे ‘शुद्ध’ करून घेतले. त्याच वर्षी डिसेंबरात भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले, की तळ्यावर जायचे ते केवळ पाण्यासाठी नव्हे, तर इतरांसारखी आम्हीही माणसे आहोत हे प्रस्थापित करण्यासाठी. ते स्वतः कोलंबिया विद्यापीठात शिकलेले होते. तरीही तळ्यावरचा हक्क त्यांनी पदवीच्या बळावर मागितला नाही, आणि शिकलेल्यांपुरता तर मुळीच मागितला नाही. सातवीतल्या मुलाला हे नीट समजते. वेगळ्या कपाविषयी मग त्याला फारसे सांगावे लागणार नाही.

तो कप मात्र आजच काढून टाका. सासूबाईंशी तुमच्या यजमानांनी बोलावे, तेही मुलाच्या देखत नव्हे, कारण वडीलधाऱ्या व्यक्तीचा पाणउतारा करून माणसाच्या प्रतिष्ठेचा धडा देता येत नाही. ‘आई, या घरात सगळ्यांना सारख्याच कपांतून चहा दिला जातो, आणि ते आम्हाला महत्त्वाचे वाटते,’ इतके पुरेसे आहे. त्या वाद घालतील. घालू द्या, पण कप परत आणू नका. कामाला येणाऱ्या बाईंना मुलाने नावाने आणि आदराने हाक मारावी, त्यांच्याशी चहाला बसावे, त्यांच्या गावाविषयी विचारावे. ‘ही माणसे’ म्हणून ज्यांना त्याने एका वाक्यात गुंडाळले, त्यांतल्या एका व्यक्तीला त्याने खरोखर ओळखले, तर ते वाक्य त्याच्या तोंडी पुन्हा सहज येणार नाही. त्याने त्यांच्या कानावर जाईल असे काही म्हटले असेल, तर माफीही मागावी, आणि त्या वेळी तुम्ही त्याच्याजवळ उभ्या राहा.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कोणी आडनावावरून मूळ काढू लागले किंवा काळ्यांवर विनोद करू लागले, तर ‘मुलांसमोर असे नको’ असे शांतपणे म्हणा. मुलांच्या मागेही नको, हे पुढच्या वेळी सांगता येईल.

शाळेच्या बाबतीत मात्र वाट पाहू नका. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार प्रत्येक सरकारी शाळेत छळाच्या तक्रारींसाठी नेमलेली व्यक्ती असते. तक्रार आल्यावर चौकशी शाळेच्या कामकाजाच्या एका दिवसात सुरू आणि लेखी तक्रारीपासून कामकाजाच्या दहा दिवसांत पूर्ण व्हावी लागते. कोण, कधी, काय म्हणाले ते मुलाकडून ऐकून लिहून काढा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या. त्यात त्याच्या गुणांचा किंवा बक्षिसांचा उल्लेख करू नका. आणि त्या दोन मुलांविषयी घरात बोलताना ‘त्यांची जातच तशी’ असा शब्द निघू देऊ नका. त्यांनी काय केले तेवढेच बोला, कारण तुमचा मुलगा शेजारच्या खोलीत ऐकत असतो.