गुडघ्यातलं ग्रीस संपलंय, आता योगा कसा करू?

हा प्रश्न ठाण्यात मी इतक्या वेळा ऐकलाय की आता माणूस दारातून आत आला तरी ओळखू येतं, एक हात टेबलावर, एक मांडीवर, आणि बसता बसता "आई गं". मग पिशवीतून एक्सरे निघतो. "मॅडम, गॅप कमी झालाय म्हणाले, वाटी झिजलीय. योगा केला तर उरलेली पण घासून जाईल ना?"

गेल्या वर्षी नौपाड्यातल्या एक काकू आल्या होत्या (त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय). वय 58, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ऑर्थोपेडिकने तपासून सांगितलं होतं की सुरुवातीची झीज आहे, ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा. व्यायाम सोडून बाकी सगळं चालू होतं, तेल, नीकॅप, शेक. सोबत मुलगी होती. काकूंनी पाण्याची बाटली घ्यायला हात पुढे केला तर मुलगीच उठली, "आई तू बस." तासाभरात हे "तू बस" मी पाच वेळा ऐकलं आणि तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नाही, हे मान्य करते.

पहिले तीन आठवडे मी एकच गोष्ट दिली होती. पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघ्याने ती खाली दाबायची, वाटी वर खेचली जाते, पाच ते दहा सेकंद धरायचं आणि सोडायचं, असं दहादा. घरी केलंत का विचारलं की "राहूनच गेलं बघा". इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय, इतकी सोपी गोष्ट तीन आठवडे राहून जात नाही, माणूस कशाला तरी घाबरत असतो.

चौथ्या वेळी आसन बाजूला ठेवलं आणि विचारलं, "काकू, जास्तीत जास्त काय होईल अशी भीती वाटते?"

"काय होणार, आईसारखं होणार."

त्यांची आई शेवटची नऊ वर्षं अंथरुणावर होती. मी विचारलं, एकदम झोपूनच गेल्या का त्या?

"छे हो. आधी तिचं मार्केट बंद केलं आम्ही. मग जिना. मग ओट्याशी उभं राहणं. म्हटलं आयुष्यभर राबलीस, आता बस." आणि त्या गप्प झाल्या. खूप वेळ. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, तिला आम्हीच बसवलं का हो?"

मुलगी खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती. मी घाई केली नाही, कारण अशा वेळी बोललं की वाक्य आपलं होतं आणि माणसाचं राहत नाही. नंतर एवढंच म्हटलं की तुम्ही मायेनेच केलंत ते, आणि आईच्या दुखण्यात अजून काय काय होतं हे आज कोणी सांगू शकत नाही. तीन आठवडे मी गुडघ्याला उत्तर देत होते आणि प्रश्न त्या अंथरुणाचा होता. असं काही हाती लागलं की या कामाचं सार्थक वाटतं मला, खरंच.

आता ग्रीसबद्दल. सांध्यातल्या कूर्चेला (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं सांध्यातल्या द्रवातून, आणि तो आत-बाहेर व्हायला दाब पडावा लागतो आणि सुटावा लागतो, स्पंज दाबून सोडतो तसं. म्हणजे हालचाल हवीच. शिवाय बसून राहिलं की मांडीचा पुढचा स्नायू सुकतो आणि त्याचा भार सरळ सांध्यावर येतो. वजन जास्त असेल तर 1 किलो कमी झाल्यावर दर पावलाला गुडघ्यावरचा साधारण 4 किलो भार कमी होतो. पण झिजलेली कूर्चा योगाने परत उगवते असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही, दुखणं कमी होतं आणि चालणं सुधारतं, आणि माझ्या मते ते भरपूर आहे.

मी अय्यंगार पद्धतीत शिकलेली, त्यामुळे खुर्ची, पट्टा, भिंत घ्यायला मला कधी कमीपणा वाटला नाही. पतंजलींचं स्थिरसुखमासनम्, म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, काकूंच्या बाबतीत खुर्चीवरच होतं. टॉवेलनंतर भिंतीशी ताडासन, मग पाठीवर झोपून पायात ओढणी अडकवून सुप्त पादांगुष्ठासन, मग सेतुबंध (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची), आणि शेवटी खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, हळू बसायचं, गुडघे आत न पडू देता. वज्रासन, मांडी, पद्मासन दुखत असताना नाही म्हणजे नाही. गुडघा बिजागरीसारखा वाकतो, खुब्यात मोकळीक नसताना मांडी घालायचा हट्ट केला की पीळ गुडघ्यावर येतो, तरुण मुलांनीपण हे लक्षात ठेवा. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी, कठडा धरून.

दुखणं दहापैकी तीनपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शांत, तर चालेल. त्याहून वाढलं तर कमी करायचं, बंद नाही. पण गुडघा सुजला, गरम लागला, लॉक झाला, चालताना सटकला, ताप आला किंवा पडल्यावर दुखायला लागलं तर आधी डॉक्टर, आसन नंतर.

काकूंना चार महिने लागले. वज्रासन अजून होत नाही, मी सांगतही नाही. पण रोज संध्याकाळी तीन मजले उतरून तलावपाळीला एक फेरी मारतात. मागच्या सेशनला पाणी हवं होतं, मुलीने सवयीने "आई तू" एवढंच म्हटलं आणि थांबली. काकू उठल्या, बाटली घेतली, आधी तिला दिली.