साताऱ्यात पेंटबॉलची टीम उभी करायची आहे? बंदूक सगळ्यात शेवटी घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यातले सात मित्र, दोनदा पाचगणीला जाऊन पेंटबॉल खेळलात, दोन्ही वेळा पुण्याच्या एका ग्रुपने धुतलं. (पेंटबॉल म्हणजे हवेच्या बंदुकीने समोरच्या टीमवर रंग भरलेले बॉल मारायचे, अंगावर फुटला की तो बाद.) आता स्वतःची टीम करायची आहे, आणि सगळ्यांनी पैसे काढून आधी बंदुका घ्याव्यात का, असं विचारलंय. आम्हीही सहा-सात जणांनी अशीच सुरुवात केली होती आणि आता आमचं सहावं वर्ष चालू आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

बंदुका आत्ता घेऊ नका. मार्कर, म्हणजे पेंटबॉलची बंदूक, घेतला की त्याच्यामागे हवेचा सिलिंडर येतो, आणि तो पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर भरत नाही. मोटारीच्या टायरला तीस-पस्तीस पीएसआय (हवेचा दाब) लागतात, इथे सिलिंडर ३००० पीएसआयचा असतो, काही तर ४५०० चे. बॉल २००० च्या खोक्यात येतात आणि त्यांचं कवच जिलेटिनचं असतं, औषधाच्या कॅप्सूलसारखं. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात महिनाभर घरात पडले की फुगतात, एकमेकांना चिकटतात, नळीतच फुटतात. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिले तर मऊ पडतात. शिवाय हवेवर चालणाऱ्या बंदुकांना आपल्याकडे शस्त्र नियम आहेत. बाहेरून मागवायचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा. आणि काही झालं तरी मार्कर उघडा घेऊन पोवई नाक्यावरून जायचं नाही. लांबून बघणाऱ्याला ती खरीच बंदूक वाटते.

पहिलं वर्ष भाड्याच्या मार्करवर काढा. तुम्ही हरलात ते बंदुकीमुळे नाही, भाड्याचे मार्कर तर त्यांच्याही हातात होते.

घ्यायचाच असेल तर मास्क घ्या. पेंटबॉलचा बॉल साधारण तीन ग्रॅमचा, १७ मिलिमीटर जाडीचा. वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी सेकंदाला ३०० फूट असते, म्हणजे ताशी जवळजवळ सव्वातीनशे किलोमीटर. मांडीला लागला तर आठवडाभर काळंनिळं राहतं, डोळ्याला लागला तर डोळा जातो. चष्मा, गॉगल, हेल्मेटची काच यातलं काहीही मास्कची जागा घेत नाही. पेंटबॉलसाठीच बनवलेला, कान झाकणारा, दुहेरी काचेचा मास्क लागतो. दुहेरी काच एवढ्यासाठी की तिच्यावर वाफ कमी धरते.

हे मी पोटतिडकीने लिहितोय त्याला कारण आहे. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये आम्ही भुरभुर पावसात खेळत होतो. भाड्याचे मास्क होते, एकेरी काचेचे, ओरखडे पडलेले. माझ्या शेजारच्या आडोशामागे आमचा एक भिडू बसला होता. काच पांढरी झाली, त्याला काही दिसेना, म्हणून त्याने अंगठ्याने मास्क कपाळापर्यंत उचलला आणि शर्टाने काच पुसायला लागला. मी ओरडलो. तो माझ्याकडे वळला आणि त्याच क्षणी त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर लाकडी फळीवर बॉल फुटला. पिवळा रंग त्याच्या उघड्या गालावर उडाला. फक्त रंग. डाव थांबवला, गाड्या काढल्या, घरी आलो. मेढा फाटा येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही भिशी सुरू केली. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची, चिठ्ठी निघेल त्याच्यासाठी मास्क मागवायचा. सात जण, सात महिने, सात मास्क. कुणावर एकदम भार पडला नाही, आणि पैसे घातलेला माणूस रविवारी दांडीही मारत नाही. तुम्हीही सात आहात, हाच मार्ग धरा. मैदानावरचा नियम एकच: काच धूसर झाली तर हात वर करून रेफरीला हाक मारायची, बाद झालो म्हणून बाहेर जायचं, पण मास्कला हात लावायचा नाही. सेफ झोनमध्ये, म्हणजे जिथे मार्कर चालवायचा नसतो त्या जागेत, पाऊल पडलं, प्रत्येकाच्या मार्करच्या नळीवर (बॅरलवर) कव्हर चढलं, की मगच मास्क काढायचा. डाव सुरू होण्याआधी क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, प्रत्येक मार्करच्या बॉलचा वेग मोजून दाखवा असं जागेवाल्याला सांगा. टाळाटाळ केली तर तिथे खेळू नका.

आता खरी टीम. सुरुवातीला पाच जण मैदानात आणि दोन राखीव असं धरा. सात असलात तरी एखाद्याच्या घरी लग्न असतं, एखाद्याची कंपनीत शिफ्ट असते, रविवारी पाचच हाती लागतात.

जागा वाटताना आम्ही जी चूक केली ती तुम्ही करू नका. सगळ्यात धीट गडी पुढे टाकला, सगळ्यात अबोल मागे ठेवला. पुढचा दहा सेकंदांत बाद व्हायचा, मागच्याला सगळं दिसायचं पण तो बोलायचा नाही, आणि मधले दोघे आडोशामागे बसून राहायचे. असं आम्ही वर्षभर हरलो. मग आमच्यातल्या एकाला मागे घेतलं. तो शाळेपासून कबड्डीत कोपरा धरायचा. कबड्डीत कोपऱ्यावरचा गडी चढाईवाल्याच्या पायांवर नजर ठेवून सगळ्या साखळीला सरकवतो. इथेही त्याने तेच केलं, आणि आवाज तर असा की शेताच्या दुसऱ्या बांधावर ऐकू जावा. मागच्याकडे बॉल जास्त द्या, कारण समोरच्यांना डोकं वर काढू न देणं हे त्याचं काम. पुढे चणीने लहान, झुकून पळणारा हवा. मधल्याचं काम सगळ्यात कठीण: मागचा काय ओरडतो ते पुढच्यापर्यंत पोचवायचं, आणि पुढचा बाद झाला की वाट न बघता त्याची जागा धरायची. तुमच्यातला सगळ्यात शांत डोक्याचा माणूस इथे ठेवा.

पुण्याच्या ग्रुपने धुतलं म्हणता. पुढच्या वेळी त्यांच्याकडे नीट कान द्या, ते सतत बोलत असतील. तुमच्याकडे बहुतेक शांतता असेल. टीमची भिस्त या बोलण्यावर असते, आणि त्याच्या सरावाला एक रुपयाही लागत नाही.

आम्ही एका मित्राच्या शेतात ज्वारी निघाल्यावर सराव करतो. भुश्शाची पोती रचून आठ आडोसे केले. सुरुवातीला आम्ही "डावीकडे एक", "उजवीकडे दोन" असं ओरडायचो आणि घोटाळा व्हायचा, कारण मागे वळून ओरडणाऱ्याची डावी बाजू ऐकणाऱ्याची उजवी असते. मग डावं-उजवं बंद केलं. त्या शेतातून एका अंगाला अजिंक्यतारा दिसतो, दुसऱ्या अंगाला विहीर आहे, मध्ये एक बाभळ. म्हणून "किल्ला दोन", "विहीर मोकळी", "बाभळ एक, बसलाय". तोंड कुठेही असो, किल्ला हलत नाही. नव्या जागी गेलो की डाव सुरू होण्याआधी दोन मिनिटं फिरून अशा तीन खुणा ठरवतो. सराव असा: एकाने आडोशामागे पाठ करून बसायचं, दोघांनी समोर जागा बदलत राहायचं, बाकीच्यांनी फक्त ओरडून सांगायचं. शिट्टी वाजली की बसलेल्याने न बघता सांगायचं, समोर कोण कुठे आहे. सलग दहा वेळा बरोबर येईपर्यंत आम्हाला दोन महिने लागले.

दुसरा सराव डोकावण्याचा. हातात अडीच फुटांचा पीव्हीसी पाइप, समोर पंधरा पावलांवर मित्र टेनिस बॉल घेऊन उभा. तुम्ही पोत्यामागून एक डोळा आणि पाइपचं तोंड एवढंच बाहेर काढायचं, बघायचं, आत. त्याने तेवढ्यात बॉल मारायचा. सगळे जण पहिल्यांदा खांदा आणि गुडघा बाहेर ठेवतात, आणि चेंडू नेमका तिथेच लागतो. एका जागेवरून दोनदा डोकावायचं नाही, पुढच्या वेळी खालून किंवा दुसऱ्या कडेने. डाव्या कडेने डोकावताना पाइप डाव्या हातात गेलाच पाहिजे, नाहीतर उजवा खांदा, छाती सगळं समोरच्याला दिसतं. उजव्या हाताच्या माणसाला हे पहिले काही रविवार फार अवघड जातं. करत राहा.

नेमाबद्दल एवढंच, की पळणाऱ्यावर नेम धरू नका. तीस मीटर जायला बॉलला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो, तेवढ्यात पळणारा दीड-दोन मीटर पुढे गेलेला असतो. तो जिथून जाणार त्या मोकळ्या जागेत मारत राहा, त्याला त्यात येऊ दे. आणि दोघांची जोडी करा: एक मारतो, दुसरा पळतो. समोरचा डोकं आत घेईल तेवढेच दोन-तीन सेकंद तुमचे. भाड्याच्या खेळात बॉल मोजके मिळतात. पहिल्याच मिनिटात उडवले तर पळणाऱ्या मित्राला आडोसा द्यायला हातात काही उरत नाही.

दमाचं म्हणाल तर अजिंक्यतारा किंवा यवतेश्वर चढता ते चांगलंच आहे, पण इथे पळायचं ते पंधरा-वीस मीटर, वाकून, थांबून, परत. तेच मैदानावर करा.

या खेळाचा पहिला डाव २७ जून १९८१ ला अमेरिकेत न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकर गावाजवळच्या रानात झाला. झाडांवर खूण करायला वापरायच्या रंगाच्या पिस्तुलांनी बारा जण खेळले, झेंडे गोळा करायचे होते. जिंकला तो जंगलात काम करणारा माणूस, आणि त्याने एकही बॉल मारला नव्हता. हे मी आमच्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो, कारण तो आल्याआल्या बॉल किती मिळणार हेच विचारतो.

आणखी एक गोष्ट, आणि इथे मी कुणाचंही ऐकून घेत नाही. लागलं की हात वर. अंगावर बॉल फुटून पाच रुपयांच्या नाण्याएवढा रंग बसला की तुम्ही बाद. फुटला नाही, नुसता लागून उडाला तर बाद नाही. शंका असेल तर रेफरीला विचारा. आमच्यातल्या एकाने एकदा गुडघ्यावरचा रंग गवताने पुसला आणि खेळत राहिला. तो डाव आम्ही जिंकलो. समोरच्या टीमने ते पाहिलं होतं, त्यांनी वाद घातला नाही, पण नंतर आठ महिने आमच्याशी एकही सराव सामना लावला नाही. आपल्या भागात खेळणारे आधीच मोजके. त्या आठ महिन्यांत आम्ही आपापसातच खेळत बसलो. शेवटी आम्ही स्वतः जाऊन माफी मागितली, मग पुन्हा जमलं. बाद झालेल्याने बाहेर जाताना आपल्या लोकांना काही सांगायचंही नाही, तीसुद्धा चोरीच.

डाव संपल्यावर लगेच चहाकडे पळू नका. आमच्या एका मित्राचे काका सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ते एकदा शेतात बघायला आले, आम्ही एकमेकांवर खेकसत होतो. त्यांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाले, "प्रत्येकाने आपण कुठं होतो अन् काय दिसलं एवढंच सांगा. दुसऱ्यानं काय केलं ते बोलायचं नाही." पाच मिनिटं लागली. कळलं की विहिरीच्या बाजूने आलेला गडी तिघांना दिसला होता आणि प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. तेव्हापासून प्रत्येक डावानंतर आम्ही असेच बसतो.

रब्बी निघाली की ओळखीतलं एखादं मोकळं शेत बघा. विहिरीला कठडा आहे ना ते आधी तपासा, नसेल तर त्या बाजूला दोरी बांधून पंधरा पावलं सोडा. शेताची लांबी-रुंदी पावलांत मोजून आणि उतार कुठल्या अंगाला आहे ते इथे लिहा, पोती कुठे रचायची ते मी सांगतो.