बाटल्या चार, थकवा तोच

प्रश्न : ताई, माझं वय ६३. डिचोलीला राहतो, तीस वर्षं बस चालवली. मधुमेहासाठी अकरा वर्षं मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलसाठी तीन वर्षं स्टॅटिनची गोळी चालू आहे. विडी कमी केली, पण दिवसाला चार-पाच होतातच. वर्षभर अंगात त्राण नाही, पोटऱ्या दुखतात, तळपायांना मुंग्या येतात. पुतण्या म्हणाला, ‘काका, तुमच्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया दमलीत,’ आणि चार प्रकारच्या अँटिऑक्सिडंट गोळ्या आणून दिल्या. महिन्याला बत्तीसशे रुपये जातात. तीन महिन्यांत फरक नाही. आणखी किती दिवस घेऊ? वेष्टनं सोबत पाठवतो.

उत्तर : काका, वेष्टनं पाठवलीत हे फार चांगलं केलंत. चारही टेबलावर ओळीनं मांडली आणि भिंग घेऊन वाचली. ई जीवनसत्त्व ४०० युनिट एका पाकिटात आहे आणि तेवढंच दुसऱ्यातही आहे. म्हणजे तुम्ही रोज ८०० युनिट घेताय आणि तुम्हाला ते कुणी सांगितलेलं नाही. तिसऱ्यात बीटा-कॅरोटीन आहे, चौथ्यात कोएन्झाइम क्यू-१० आणि अल्फा लिपोइक आम्ल.

बीटा-कॅरोटीनची गोळी आजच बंद करा. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती. १९९४ साली निकाल आला तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजरात असतं तेच द्रव्य, पण गोळीतून भरमसाट गेलं की धूम्रपान करणाऱ्याला ते बाधतं. गाजर, भोपळा खुशाल खा. ई जीवनसत्त्वाच्या दोन्ही गोळ्याही थांबवा. रोज ४०० युनिट घेणाऱ्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. तुम्ही त्याच्या दुप्पट घेत होतात.

पुतण्याची माया खरी आहे आणि त्याचं म्हणणं सगळं चुकीचंही नाही. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका, अन्नातून ऊर्जा काढणारी. त्या कामात इलेक्ट्रॉन हातोहात पुढे दिले जातात आणि क्यू-१० हा त्यातला एक हमाल. शरीर तो स्वतःच तयार करतं. कोलेस्टेरॉल बनण्याची वाट आणि क्यू-१० बनण्याची वाट सुरुवातीला एकच असते आणि स्टॅटिन नेमकी तीच अडवतं, म्हणून रक्तातलं क्यू-१० उतरतं. इथवर ठीक. पण गोळीनं ते भरून काढलं की पोटऱ्या दुखायच्या थांबतात, असं चाचण्यांतून ठामपणे दिसलेलं नाही. उलट २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत, त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी आणि काही महिने खोटी गोळी दिली, तर जवळजवळ ९० टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला. म्हणजे दुखणं खोटं नसतं, कारण मात्र वेगळं असू शकतं. स्टॅटिन मनानं बंद करू नका. दुखणं असह्य झालं किंवा लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी पुढच्या भेटीत सीके तपासणी, म्हणजे स्नायूंना इजा झाली आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी, करायची का, ते विचारा. अल्फा लिपोइक आम्ल साखर खाली आणू शकतं, म्हणून तेही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

आता तळपायांच्या मुंग्या. पत्रात त्या शेवटी लिहिल्यात, मी मात्र तिथंच थांबले. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून बी-१२ नीट शोषलं जात नाही आणि बी-१२ कमी झालं की थकवा आणि मुंग्या दोन्ही येतात. तुम्ही म्हणाल, सोमवार सोडून रोज ताटात मासे असतात. बांगडा, तारले, तिसऱ्या, सगळ्यांत बी-१२ भरपूर. पण पोटात गेलं म्हणजे रक्तात पोचलं असं नाही. माझ्या आईचं हेच झालं होतं. फोंड्याच्या घरात चालताना तिची एक चप्पल मागंच राहायची आणि तिला कळायचंही नाही. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं. एका दुकानदारानं तिला दीड वर्ष ‘पेशींना ताकद देणारी’ पावडर विकली. रक्त तपासलं तेव्हा बी-१२ तळाला गेलेलं. इंजेक्शनांनी थकवा गेला, पण पायाची बधिरता पूर्ण गेली नाही, कारण उशीर झाला होता. म्हणून कळकळीनं सांगते, याच आठवड्यात बी-१२, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि तीन महिन्यांची साखर तपासून घ्या. एका महिन्याच्या गोळ्यांच्या पैशात हे होऊन जाईल.

तंतुकणिका वाढवायच्याच असतील तर चाला. जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर पळवलं आणि त्यांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची ताकद दुपटीच्या आसपास गेली. माणसातही व्यायामानं त्या वाढतात. जेवणानंतर पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा, पायांना मुंग्या आहेत तोवर अनवाणी मात्र नको. खाण्यात बांगडे-तारले चालू ठेवा. क्यू-१० त्यांत असतं, पण १०० ग्रॅमला काही मिलिग्रॅमच, त्यामुळे गोळीशी बरोबरी करायला जाऊ नका. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत अळसांद्याचं तोणाक, मूठभर शेंगदाणे, अंडं. मासे तळण्यापेक्षा हुमण बरं.

प्रश्न : मुलगी सतरा वर्षांची, म्हापशात फुटबॉल खेळते. प्रशिक्षणानंतर ‘स्नायूंची झीज भरून निघावी’ म्हणून रोज १००० मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व आणि ई जीवनसत्त्व घेते. चालू ठेवू?

उत्तर : नको. व्यायामात तंतुकणिकांतून जे मुक्त कण (फ्री रॅडिकल्स) निघतात त्यांना आपण शत्रूच समजून बसलोय आणि सी, ई ही अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वं त्यांनाच टिपतात. थोडे निघावेच लागतात, ‘आणखी तंतुकणिका बनवा’ हा निरोप पेशीला त्यांच्याकडूनही मिळतो. २००९ मध्ये जर्मनीत तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. ज्यांना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिलं, त्यांच्यात इन्शुलिनला साथ देण्याची शरीराची क्षमता वाढली नाही; ज्यांना गोळ्या दिल्या नाहीत त्यांच्यात वाढली. पुढं नॉर्वेतल्या अकरा आठवड्यांच्या चाचणीतही गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंत तंतुकणिकांची वाढ खुंटलेली दिसली. धावण्याचा दम मात्र कमी झाला नाही, हेही सांगायला हवं. म्हणून झालं त्याची घाबरगुंडी नको, पण पुढं पैसे घालवू नका. एका मध्यम पेरूत दिवसाची गरज भागून वर उरतं. उन्हाळ्यात काजूचे बोंडू आहेतच, आपल्याकडे बिया काढून निम्मे टाकून देतो याची मला हळहळ वाटते. फोडी करून मीठ लावा, घशाला कमी टोचतात. खेळून आल्यावर तिला खरी गरज आहे ती पोटभर जेवणाची. उकड्या तांदळाचा भात, मासळी किंवा डाळ, तांबडी भाजी. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या, या वयात मुली दमतात त्याचं कारण पुष्कळदा तिथं सापडतं.

प्रश्न : कोकमातल्या गार्सिनॉलच्या कॅप्सूल घ्याव्यात का? मडगावच्या घरी सोलकढी रोज असतेच.

उत्तर : गार्सिनॉलचं बहुतेक संशोधन पेशींवर आणि प्राण्यांवर झालेलं आहे, कॅप्सूलसाठी पैसे मोजावेत एवढा आधार त्याला नाही. सोलकढी प्या. फक्त बाटलीतल्या आगळात, म्हणजे कोकमाच्या दाट रसात, मीठ बरंच असतं, रक्तदाब असेल तर बिनमिठाची सोलां रात्री भिजत घालून त्यांची कढी करा.